'चार्ज्ड ऑफ' म्हणजे 'माफ' का?

प्रश्न असा आलाय: अमेरिकेतल्या क्रेडिट रिपोर्टमध्ये जुन्या कार्डाच्या खात्यापुढे 'चार्ज्ड ऑफ' असा शेरा आहे. याला मराठीत 'कर्ज माफ झाले' म्हणावे का?

कृपया म्हणू नका. 'माफ' ऐकले की कर्जदार निर्धास्त होतो, आणि इथे देणे जसेच्या तसे उभे असते. कार्डाचे हप्ते १८० दिवस थकले की बँकेला ते येणे तोट्यात दाखवावे लागते, एवढाच याचा अर्थ. नोंद बँकेच्या वहीतली. तिच्यासाठी मराठीत 'बुडीत खाती टाकणे' हा पक्का प्रयोग आहेच. बँकांच्या अहवालांतले 'निर्लेखन'ही चुकीचे नाही, पण वाचणाऱ्याला त्यातून 'पुसून टाकले' असेच वाटते.

बँकेने ६०० डॉलर किंवा अधिक रक्कम खरोखर सोडून दिली, तर ती सहसा '१०९९-सी' नावाचा फॉर्म पाठवते आणि ती रक्कम बहुधा करपात्र उत्पन्नात धरली जाते. 'माफ' म्हणायचेच तर तिथे म्हणा.

बुडीत खाती टाकलेले येणे बँक पुष्कळदा वसुली कंपनीला विकते. मग एकाच कर्जाच्या दोन नोंदी दिसू शकतात. तेव्हा मूळ बँकेच्या नोंदीत बाकी शून्य हवी. तसे नसेल तर क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे हा रिपोर्ट तयार करणाऱ्या कंपनीकडे, लेखी तक्रार करा. चौकशीला त्यांना साधारण ३० दिवसांची मुदत असते. शेरा खरा असेल तर मात्र तो पहिल्या थकबाकीपासून सुमारे सात वर्षे राहतो. मध्येच पैसे भरले म्हणून ती सात वर्षे नव्याने सुरू होत नाहीत, आणि शेरा लगेच निघतही नाही. पण बाकी शून्य दिसते. नवे कर्ज देणारा ते पाहतो, म्हणून भरण्याला अर्थ आहे. बाकीची खाती वेळेवर चालवली की पत हळूहळू सावरते.

त्याच रिपोर्टातल्या आणखी दोन शब्दांकडेही बघा. पूर्ण भरले तर 'पेड': त्याला 'फिटले' किंवा अस्सल जुने 'बेबाक' म्हणावे. कमी रकमेवर मिटवले तर 'सेटल्ड': त्याला 'तडजोडीने मिटवले' म्हणावे, 'फिटले' नव्हे. वसुलीवाल्याशी बोलताना यांपैकी कोणता शेरा पडणार, हे पैसे देण्याआधी त्याच्याकडून लिहून घ्या.