जिवंत तिसऱ्या बारीक, रिकाम्या शिंपल्या मोठ्या

प्रश्न: रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत ओहोटीला गेलं की जिवंत तिसऱ्या (चिखलात राहणारे, खायचे दोन शिंपल्यांचे जीव) बारीकच मिळतात, पण रिकाम्या शिंपल्या चांगल्या मोठ्या दिसतात, असं का?

उत्तर: रिकाम्या शिंपल्या एका वर्षाच्या नसतात हो, कित्येक वर्षांच्या एकाच चिखलात मिसळलेल्या असतात, आणि त्यातल्या बारीक शिंपल्या पातळ, त्या लवकर फुटतात, विरघळतात नाहीतर पाण्यासोबत वाहून जातात, म्हणून मोठ्या जास्त उरतात. शिवाय मोठ्या जिवंत तिसऱ्या आपणच वेचून बाजारात नेतो. प्रवाहाचा हात किती हे बघायचं तर डाव्या आणि उजव्या शिंपल्या वेगळ्या मोजा, प्रत्येक तिसरीला एक डावी आणि एक उजवी असते, त्यामुळे फार फरक आला तर पाण्यानेच त्या वेगळ्या केल्या असणार. शिंपलीला गोल नीट भोक दिसलं तर शिकारी गोगलगायीचं काम. आणि प्लीज, बारीक तिसऱ्या परत टाका, एकदा तरी अंडी घालू देत त्यांना.