कराटेने मुलीचे पाय पैलवानासारखे होतील का?

"मॅडम, हिच्या मांड्या बघा की ओ. कराटे लावल्यापासनं पार पैलवान झालीया पोरगी. पुढं कसं व्हायचं?"

सईची (नाव बदललं आहे) आजी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच बोलली. आई शेजारी गप्प. सई दाराकडे तोंड करून बसली होती, मे महिन्यातल्या उकाड्यातही जाड ट्रॅकपँट घालून. वय १३, दोन वर्षं कराटे, हिरवा पट्टा. महिनाभरापासून क्लासला जायची वेळ झाली की तिचं पोट दुखायचं.

हा प्रश्न माझ्याकडे नवा नाही. मुलगी कराटे, तायक्वांदो किंवा कबड्डी खेळू लागली की वर्षा-दीड वर्षात घरातलं कुणीतरी तो विचारतंच. कोल्हापुरात तर जास्तच, कारण इथे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तालीम असते. सईचे आजोबा तालमीत वाढलेले. हजार बैठका, वर दूध-तूप-बदाम. मजबूत पाय म्हटलं की आजींना त्यांच्याच मांड्या आठवणार. त्यामुळे त्यांच्या काळजीला मी हसण्यावारी नेलं नाही.

सईशी एकटीशी बोलले तेव्हा तिने दप्तरातून वही काढली. शेवटच्या पानावर दर रविवारच्या नोंदी: उजवी मांडी, डावी मांडी. आईच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप घेऊन, बाथरूमची कडी लावून ही मुलगी अकरा आठवडे स्वतःच्या मांड्या मोजत होती. पाऊण इंच वाढ. त्या आकड्याखाली तिने दोनदा रेघ मारली होती. ते पान बघून मला फार वाईट वाटलं.

मी आईला विचारलं, उंची किती वाढली? घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, वर्षात सात सेंटिमीटर. पाळी नुकतीच सुरू झालेली. या वयात मुलींचे कुल्हे रुंदावतात, मांड्यांवर चरबीचा थर येतो. कराटे न करणाऱ्या तिच्या मैत्रिणीचीही मांडी त्या अकरा आठवड्यांत वाढलीच असणार, फक्त तिने टेप लावली नव्हती. आजोबांसारखा स्नायू भरायला वयात आलेल्या पुरुषाच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन लागतं, भरपूर खुराक लागतो आणि वाढतं वजन पेलायचा व्यायाम लागतो. मुलींमध्ये ते संप्रेरक फारच थोडं असतं. आठवड्यातून तीन दिवस लाथा मारून तशी मांडी होत नाही.

मग दोन वर्षांत पायात काही बदललंच नाही का? पुष्कळ बदललं. ते आजींना सांगण्याऐवजी हाताने जाणवून द्यावं असं मला वाटलं. सईला टेबलावर पाय सोडून बसवलं, आजींचा एक हात तिच्या मांडीवर, दुसरा मांडीखाली ठेवला आणि म्हटलं, नडगी झटकन पुढे फेक.

"आगं, आधी वरनं घट्ट झालं, मग खालनं," आजी म्हणाल्या. "आन् लगेच सैल."

लाथेचं सगळं मर्म त्यात आहे. मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, नडगी पुढे फेकतो. मागचा, हॅमस्ट्रिंग, शेवटच्या क्षणी ब्रेक लावतो, नाहीतर गुडघ्याला हिसका बसेल. हवेत मारलेल्या लाथेत तर सगळा वेग त्यानेच अडवायचा असतो, पॅडवर मारली की थोडा भार पॅड घेतं. नवशिक्या मुलाचे पुढचे-मागचे दोन्ही स्नायू एकाच वेळी आवळतात, म्हणजे गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबल्यासारखं. लाथ ताठ आणि संथ जाते. सरावाने कोणी कधी आवळायचं आणि कधी सोडायचं हे मेंदू आणि नसा शिकतात. कुठलाही नवा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या ६ ते ८ आठवड्यांत जी ताकद वाढते, ती बरीचशी या शिकण्यातूनच येते. टेपला ती दिसत नाही.

आणि लाथ मारणाऱ्या पायापेक्षा मला उभ्या पायाचं कौतुक जास्त. मावाशी गेरी, म्हणजे बाजूने गोल फिरवून मारायची लाथ, मारताना अख्खं शरीर एका चवड्यावर फिरतं. कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू कमरेला खाली पडू देत नाही, पोटरी आणि घोट्याभोवतीचे स्नायू क्षणाक्षणाला तोल सावरतात. टाच वेळेवर वळली नाही तर पीळ थेट गुडघ्याला बसतो. सईला डोळे मिटून डाव्या पायावर उभं केलं. ती खांबासारखी उभी राहिली, तेव्हा पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

पण नडगी फेकताना तिने ओठ दाबले होते, ते माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. ट्रॅकपँट वर करायला सांगितली. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर, एक दुखरा उंचवटा. दोन महिने दुखत होता. क्लासमध्ये "दुखतंय म्हणणारे इथे नकोत" असं ऐकल्यामुळे ती बोलली नव्हती. शिवाय स्प्लिट (दोन्ही पाय पूर्ण फाकून जमिनीला टेकणं) बसावा म्हणून मोठी मुलं मागून खांदे दाबून तिला खाली ढकलत. पोटदुखी कुठून येत होती ते आता कळलं. घरचे मांडीचा घेर बघत राहिले आणि ज्याची खरंच काळजी करायला हवी ते ट्रॅकपँटखाली झाकून राहिलं.

मी निदान करत नाही, म्हणून त्यांना अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी ऑसगुड-श्लॅटर सांगितलं. साधारण १० ते १५ वयात, उंची झपाट्याने वाढत असताना, क्वाड्रिसेप्सचा ताण नडगीच्या हाडावरच्या कोवळ्या जागेवर सतत येतो आणि ती जागा सुजते, दुखते. उड्या, लाथा, किबा दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यात, खोल बसून राहणं यांनी दुखणं वाढतं. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं. कराटे कायमचं सोडायची गरज नसते, भार कमी करावा लागतो.

ढकलून स्प्लिट बसवण्याबद्दल मात्र मी आईला स्पष्ट सांगितलं की हे आजच थांबवा. या वयात हॅमस्ट्रिंग जिथे बैठकीच्या हाडाला चिकटतो तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. जोराच्या ताणाने स्नायूबरोबर हाडाचा तुकडाही निघू शकतो. सरांशी बोलायला आई घाबरत होती. शेवटी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आजीच गेल्या, आणि सरांनी ऐकलं.

दोन महिने सईने उड्या आणि जोरकस लाथा बंद ठेवल्या. फिजिओथेरपिस्टने मांडी ताणायचे, कुल्ह्याचे आणि हॅमस्ट्रिंगचे व्यायाम दिले. टेप तिने स्वतःहून आईच्या खणात ठेवली. वहीत आता डाव्या-उजव्या पायावर किती सेकंद तोल राहिला ते लिहिते. उजवा अजून मागे आहे, आणि त्याचा तिला राग येतो.

ती परत क्लासला जाते. उंचवटा आहे तसाच आहे, टेकला की थोडा दुखतो, म्हणून सेइझात, म्हणजे वज्रासनासारखं गुडघे टेकून, बसताना गुडघ्याखाली टॉवेलची घडी घेते. घडी आजी घालून देतात.