फिजिओथेरपीनंतर अमेरिकेत डीओ व्हायचंय? आधी हे बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात बीपीटीएचची (फिजिओथेरपीच्या पदवीची) इंटर्नशिप संपत आलीय, हातांनी उपचार करण्यात जीव रमतो, अमेरिकेत ऑस्टिओपॅथिक मेडिसिन (हातांच्या उपचारांसह शिकवलं जाणारं वैद्यकशास्त्र, पदवी डीओ) शिकून डॉक्टर होता येतं असं कळलंय, आणि बाबा शेताचा एक तुकडा विकायला तयार आहेत. तर यावं का?

मी पुण्यात फिजिओथेरपी केली, लग्नानंतर मिशिगनला आले आणि पुढे डीओ झाले. आज फॅमिली फिजिशियन म्हणून काम करते. या शिक्षणावर माझं प्रेम आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते. शेताला आत्ता हात लावू नका.

आधी एक घोळ सोडवू. तू पाठवलेल्या दोन माहितीपत्रकांपैकी एक लंडनचं आहे. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ हा वेगळा व्यवसाय आहे. त्यांची नोंदणी जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे होते, पण ते डॉक्टर नसतात. औषधं लिहून देणं, शस्त्रक्रिया करणं हे त्यांचं काम नाही, आणि ती पदवी घेऊन अमेरिकेत डॉक्टर होता येत नाही. अमेरिकेतला डीओ मात्र तिथल्या एमडीसारखाच (तिथे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) पूर्ण डॉक्टर. पन्नासही राज्यांत परवाना मिळतो, सर्जन होता येतं, भूलतज्ज्ञ होता येतं. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने 1892 मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं, पहिल्याच वर्गात स्त्रियाही होत्या. आज अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या दर चार विद्यार्थ्यांमागे साधारण एक जण डीओ कॉलेजात असतो.

आता तुझी पदवी. बीपीटीएचमुळे डीओच्या चार वर्षांतला एक दिवसही कमी होत नाही. उलट प्रवेशासाठी लागणारे विषय, म्हणजे जीवशास्त्र, रसायनशास्त्र, ऑरगॅनिक केमिस्ट्री, भौतिकशास्त्र, बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्रीही, प्रयोगशाळेसकट आणि शक्यतो अमेरिकेतल्याच कॉलेजातून केलेले हवे असतात. मी ते इथल्या कम्युनिटी कॉलेजात केले. कॅल्क्युलेटर घेऊन अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या शेजारी बसायचं, आणि एखाद्या विषयात ए ऐवजी बी ग्रेड आली तरी पोटात गोळा यायचा, कारण गुणांची सरासरी प्रवेशापर्यंत पाठ सोडत नाही. मग एमकॅट, वैद्यकीय प्रवेशाची साडेसात तासांची परीक्षा. अर्ज अ‍ॅकोमास या एकाच पोर्टलवरून जातात. मे महिन्यात पोर्टल उघडतं आणि अर्ज येतील तशा जागा भरत जातात, म्हणून उशीर महागात पडतो. बऱ्याच कॉलेजांना एखाद्या डीओचं शिफारसपत्रही लागतं. त्यासाठी त्या डॉक्टरबरोबर दवाखान्यात वेळ काढावा लागतो, कोल्हापुरात बसून ते होणार नाही.

हिशोब कर: विषयांना दोन वर्षं, अर्जाचं एक, कॉलेजची चार, रेसिडेन्सीची (पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) किमान तीन. तू आत्ता 23 ची आहेस. 33-34 व्या वर्षी स्वतंत्र डॉक्टर होशील, तेही एकदाही अडखळली नाहीस तर.

एवढा वेळ एकवेळ काढता येईल. खरी अडचण दोन ठिकाणी आहे, आणि माहितीपत्रकात ती ठळक अक्षरांत कुणी छापत नाही.

पहिली, पैसा. खासगी डीओ कॉलेजांची फी वर्षाला साधारण 50 ते 70 हजार डॉलर. राहणं, विमा, गाडी धरली तर चार वर्षांचा खर्च तीन कोटी रुपयांच्या घरात जातो. इथली मुलं हे सरकारी कर्जावर निभावतात. पण ते कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतं, आणि त्यालाही आता जुलै 2026 पासून वर्षाला 50 हजार, एकूण दोन लाख डॉलर अशी मर्यादा आली आहे. मी अर्ज केला तो ग्रीन कार्ड हातात आल्यावर. विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना मुळात मोजकीच डीओ कॉलेजं घेतात, आणि त्यातली काही आधी एका किंवा चारही वर्षांचे पैसे राखीव खात्यात भरायला लावतात. शेताचा एक तुकडा तिथे पहिल्या वर्षालाही पुरेल का, हे बाबांना कागद-पेन घेऊन बसवून विचार.

दुसरी अडचण पदवीनंतरची. रेसिडेन्सीशिवाय परवाना नाही. विद्यार्थी व्हिसानंतर ओपीटीचं (शिक्षणानंतर काम करायची तात्पुरती परवानगी) एक वर्ष मिळतं, रेसिडेन्सी किमान तीन वर्षांची. पुढे हॉस्पिटलने एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज करावा लागतो, आणि सगळी हॉस्पिटलं तो करत नाहीत. 2024 च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटण्याच्या प्रक्रियेत, डीओच्या शेवटच्या वर्षातल्या जवळपास 92 टक्के विद्यार्थ्यांना जागा मिळाली. आकडा उत्तम आहे, पण त्यातले बहुतेक जण इथलेच नागरिक किंवा कायमचे रहिवासी, हे विसरू नकोस.

शिक्षण कसं असतं तेही विचारलंस. ते मला फार आवडलं. एमडीचा सगळा अभ्यास करून वर साधारण 200 तास हातांच्या उपचारांचे. सुरुवातीला कागदाखाली केस ठेवून तो बोटांनी शोधायला लावतात, मग एकेक कागद वाढवत जातात. लॅबमध्ये एकमेकांवरच सराव करायचा, त्यामुळे मुलामुलींनी आखूड कपड्यांत टेबलावर झोपायचं असतं. आपल्याकडच्या मुलींना पहिले काही आठवडे जड जातं, मग सवय होते. तुझा हात तयार आहे, मसल एनर्जी आणि काउंटरस्ट्रेन ही हातांची तंत्रं तू पटकन उचलशील. कवटीच्या हाडांवरच्या तंत्राला मात्र पुरावा कमजोर आहे. परीक्षेपुरतं शीक, रुग्णावर त्याची भिस्त ठेवू नकोस. आणि पुष्कळ डीओ पुढे हे हातांचं कौशल्य वापरत नाहीत, कारण एका रुग्णाला मिळणारा वेळ तोकडा असतो. मी वापरते. मोटारीच्या कारखान्यात काम करणारा एक जण खोकून खोकून बरगडी दुखतेय म्हणून आला होता. ईसीजी आणि एक्स-रे पाहून हृदय-फुफ्फुस ठीक असल्याची खात्री केली, मग बरगडीवर काम केलं, तो खोल श्वास घेत उठला. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत करता येणं, यासाठीच मी ही पदवी घेतली.

परीक्षांचं ओझं दुप्पट असतं. डीओंची परवाना परीक्षा कॉमलेक्स सक्तीची, आणि स्पर्धेच्या शाखा हव्या असतील तर पुष्कळ जण एमडींची परवाना परीक्षा यूएसएमएलईही देतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कित्येक कॉलेजांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं, पोस्टिंगसाठी गावोगाव फिरावं लागतं.

मी तुझ्या जागी असते तर डॉक्टरच व्हायचंय का, की अमेरिकेत हातांनी उपचार करायचेत, हे आधी ठरवलं असतं. डॉक्टरच व्हायचं असेल तर नीटला आता वरची वयोमर्यादा नाही. 23 व्या वर्षी शाहू महाराज सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं स्वप्न बघणं मुळीच वेडेपणाचं नाही, आणि एमबीबीएसनंतर यूएसएमएलईचा रस्ता उघडाच राहतो. त्या वाटेने येणाऱ्या परदेशी डॉक्टरांपैकी 2024 मध्ये 58 टक्क्यांच्या आसपास मॅच झाले. धोका आहेच, पण कर्जाचा डोंगर नाही. अमेरिकेत फिजिओ म्हणून यायचं असेल तर पदवीचं मूल्यांकन करून एनपीटीईला (तिथल्या फिजिओंच्या परवाना परीक्षेला) बसायचं. भारतात परतून डॉक्टरकी करायचा विचार असेल तर डीओचा अर्ज भरण्याआधी नॅशनल मेडिकल कमिशनकडून लेखी उत्तर घे, आणि परदेशात वैद्यकीय शिक्षणाला जाणाऱ्यांना नीट पात्रता लागते हेही ध्यानात ठेव.

तरीही डीओच करायचं म्हणत असशील तर पाच कॉलेजांना मेल टाक. विद्यार्थी व्हिसावर घेता का, बीपीटीएचचे कोणते विषय मान्य करता, पैसे आधी किती भरावे लागतात, आणि तुमच्या व्हिसावरच्या पदवीधरांना गेल्या तीन वर्षांत रेसिडेन्सी कुठे मिळाली. उत्तरं आली की मला पाठव, आपण एकेक वाचू. एमकॅटच्या पुस्तकांचं त्यानंतर बघू.