हनोईत पहिल्या दिवशी अकरा ठिकाणं होतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिल्यांदाच एकटे, पाठीवर सॅक टाकून हनोईला निघालाय, सोमवारी सकाळी नऊला उतरताय, यादीत अकरा ठिकाणं आहेत. रात्रीपर्यंत सगळी होतील का, नाहीतर कुठली गाळू?

सगळी गाळा.

रागावू नका. तुमची यादी वाचून माझ्या पोटात जुनी कळ आली. अशीच यादी २०१९ च्या नोव्हेंबरात माझ्या आतेभावाने एक्सेलमध्ये केली होती. प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं, झालेल्याला हिरवा रंग, राहिलेल्याला लाल. खाण्याचा रकानाच नव्हता. आम्ही क्वालालंपूरच्या विमानतळावर बाकड्यावर रात्र काढून शुक्रवारी सकाळी हनोईत उतरलो. ८६ नंबरची बस घेतली (तेव्हा माणशी ३५ हजार डोंग, डोंग म्हणजे तिथलं चलन; नंतर ४५ हजार झाले) आणि सव्वादहाला जुन्या भागाजवळच्या लाँग बिएन बसथांब्यापाशी उतरलो. एक्सेलप्रमाणे पंधरा मिनिटं उशीर.

पहिलं ठिकाण, तुमच्यासारखंच, व्हिएतनामचे राष्ट्रनेते हो ची मिन्ह यांची समाधी. ती सकाळीच काय ती उघडी असते. मी म्हटलं, हॉस्टेलवर सॅक टाकू, तोंड धुऊ, काहीतरी खाऊ. खोली दुपारी मिळत असली तरी सामान ठेवून घेतातच. पण नाही. टॅक्सी. दोन्ही सॅक मांडीवर. मीटर झाला ३८ हजार. काँट्रीचे पैसे माझ्याकडे होते. मी पाकीट उघडून नोटा बघतोय आणि हा दारातून एक पाय बाहेर काढून ओरडतोय, 'अरे दे ना पटकन, बंद होईल!' मी दोन निळ्या नोटा दिल्या. ड्रायव्हर हसून 'कॅम ऑन' (म्हणजे धन्यवाद) म्हणाला आणि गेला.

आता व्हिएतनामच्या नोटा. २० हजाराची निळी. ५ लाखाचीही निळसरच. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्हच, आणि शून्यं मोजेपर्यंत मागचा हॉर्न वाजवतो. पाच लाखाची जरा लांब असते आणि मागे हो ची मिन्ह यांच्या गावचं घर आहे. वीस हजाराच्या मागे होई आनचा जपानी पूल. हे मला आज पाठ आहे. त्या दिवशी नव्हतं. १० हजार आणि २ लाख याही अंधारात जुळ्या बहिणी. म्हणून पहिल्या दिवशीचं पहिलं काम हेच: कुठेतरी बसा, मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात टाका, मगच रस्त्यावर या.

तर समाधी. समोर पांढऱ्या गणवेशातला शिपाई, त्याने हाताने नाही केलं. बंद. शुक्रवारी बंदच असते. एक्सेलमध्ये सगळं होतं, वार नव्हता.

ज्या बा दिन्ह मैदानावर २ सप्टेंबर १९४५ ला हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली, त्याच मैदानाच्या कडेला आम्ही दोघं शुद्ध पुणेरीत भांडलो. तो म्हणाला, तुझ्या आळसामुळे उशीर झाला. मी म्हटलं, बंदच होतं तर उशीर कशाला झाला? यावर तो 'साहित्य मंदिर' बघायला निघून गेला. (१०७० सालचं आहे, दगडी कासवांच्या पाठीवर विद्वानांची नावं कोरलेल्या ८२ शिळा आहेत. चांगलं आहे म्हणतात. मी दोन दिवसांनी पाहिलं, खरंच चांगलं आहे.) मी उलट्या दिशेने, जुन्या भागाकडे.

वाटेत लेनिनच्या पुतळ्याखाली पोरं स्केटबोर्ड फिरवत होती. पुढे एक चौक आला आणि मी तिथेच अडकलो. स्कूटरचा लोंढा, थांबायचं नाव नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला वाटतं आपल्याला ट्रॅफिक कोण शिकवणार. पण आपण रस्ता ओलांडतो तो पळत, हात दाखवत, थबकत, मागे सरत. तिथे तेच नडतं. शेजारून एक आजी भाजीची पिशवी घेऊन देवळात प्रदक्षिणा घालावी तशा संथ चालत निघाल्या. मी मुकाट त्यांच्या मागे. स्कूटरवाले अंदाज घेऊन दोन्ही बाजूंनी जातात, फक्त तुम्ही चाल बदलायची नाही. बस आणि ट्रक मात्र असा अंदाज घेत बसत नाहीत, त्यांना जाऊ द्या.

जुन्या भागात गल्ल्यांची नावं मालावरून. 'हांग' म्हणजे माल. हांग बाक चांदीची, हांग मा कागदाची. तिथे पितरांसाठी जाळायची कागदी घरं आणि कागदी पैसेसुद्धा मिळतात. बऱ्याच गल्ल्यांचा धंदा आता बदललाय. पण हांग थिएक या पत्र्याच्या गल्लीत शिरलो आणि ठोकठोक ऐकून थेट तांबट आळी आठवली. फूटपाथवर बसून पत्रा कापतायत, वाकवतायत, गिऱ्हाईकाकडे मानही वर करत नाहीत. हे तर अगदीच आपल्याकडचं. पुढे लान ओंग नावाची गल्ली, मुळ्या-साली-काढ्यांची. नाक सांगत होतं की रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानाबाहेर उभा आहेस. तासभर नुसता वास घेत फिरलो. हे कुठल्या रकान्यात भरणार?

दुपारी धुराच्या मागे जाऊन बुन चा खाल्लं: कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, आंबटगोड पाणी, तांदळाच्या शेवया, टोपलीभर पाला. प्लास्टिकचं स्टूल इतकं बुटकं की गुडघे कानाशी येतात. मग हॉस्टेलवर तीन तास मेल्यासारखा झोपलो.

संध्याकाळी अंड्याच्या कॉफीला गेलो. १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती म्हणून मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान जांग यांनी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला, त्याची ही कॉफी. अरुंद बोळातून आत जावं लागतं, कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात. पैसे द्यायला पाकीट उघडलं तेव्हा कळलं, पाच लाखाची एक नोट कमी आहे.

रुपयांत साधारण पंधराशे. हळहळलो, पण कॉफी संपवली.

सातनंतर होआन किएम तळ्याभोवती गाड्या बंद होतात, शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत. सगळं गाव रस्त्यावर. तिथे आतेभाऊ पायरीवर सॅक घेऊन बसलेला सापडला. सहा ठिकाणं हिरवी, दोन्ही टाचांना फोड, दिवसभरात बिस्किटाचे दोन पुडे, कारण तो शाकाहारी आणि फिश सॉस कशात नाही हे विचारायला वेळ कुणाला. त्याने विचारलं, 'तू काय बघितलंस?' मी म्हटलं, पत्र्याची गल्ली. तेव्हापासून दर गणपतीत आत्याच्या घरी गोष्ट सांगितली जाते: 'याने हनोईत दिवसभरात काही पाहिलं नाही, वर पाच लाख घालवले.' डोंग हा शब्द तो मुद्दाम गाळतो. आत्याच्या शेजारच्या काकू अजून माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतात.

नोट माझ्या हातून गेली, मान्य. पण 'दे ना पटकन' कोण म्हणत होतं? ड्रायव्हरलाही मी चोर म्हणणार नाही, त्याने न बघता खिशात टाकली असेल. आम्हीही कुठे बघितली होती?

आता काही पुरवण्या. तुमच्याकडे एकच दिवस असेल तर वरचं सगळं विसरा आणि पळा. डिसेंबर ते फेब्रुवारी जात असाल तर स्वेटर न्या, हनोई म्हणजे बँकॉक नव्हे. शाकाहारी असाल तर 'चाय' हा शब्द लक्षात ठेवा, तिथे त्याचा अर्थ चहा नाही, शाकाहार. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोक स्वतःच शाकाहारी जेवतात, तेव्हा सोय चांगली होते. एवढं वाचून यादी करायचीच असेल तर करा, पण दुसऱ्या दिवसाची.

आणि हो, तुमचं पहिलं ठिकाण समाधी, वार सोमवार. सोमवारीही बंद असते.