पुरणात गूळ किती घालावा?

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे, मुलगी चार वर्षांची. होळीपासून पाडव्यापर्यंत घरात नुसतं गोड सुरू असतं. पुरणपोळी, गाठी, श्रीखंड, शिवाय शेजारपाजारचे डबे. गेल्याच महिन्यात मुलाच्या दोन दाढा भरून आणल्या. सासूबाई म्हणतात, ‘पुरणात गूळ असतो, गुळाने काही होत नाही.’ मी यंदा खजूर आणि नाचणीची पुरणपोळी करावी म्हणते. करू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नका करू. मी केली होती. गृहविज्ञान शिकवण्यात उभी हयात गेली, त्यामुळे नातवंडांवर प्रयोग करायचा मला हक्कच आहे असं वाटायचं. खजुराचं पुरण, नाचणीची पारी. पोळी तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे झाले. धाकटी म्हणाली, ‘आजी, खरी पुरणपोळी कधी आहे?’ उरलेल्या पोळ्या दारातल्या गाईने खाल्ल्या, त्याही जरा विचार करून. मुलं सणाची वाट बघतात ती त्या एका ओळखीच्या चवीसाठी. ती तशीच ठेवा, फक्त माप बदला.

आता गुळाचं. सासूबाईंना दुखवू नका, पण गूळ म्हणजेसुद्धा बहुतांशी साखरच. थोडं लोह, थोडे क्षार असतात, पण ते मिळावेत म्हणून कुणी पोराला वाटीभर गूळ खाऊ घालत नाही. आणि दाढेतल्या जंतूंना गूळ काय, खजूर काय, साखर काय, सगळं सारखंच. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. गूळ आणि मधही त्यातच धरायचे. तुमच्या मुलाला दिवसाला साधारण 1500 कॅलरी लागतात असं धरलं, तर वरची मर्यादा होते 37 ग्रॅम, चांगली मर्यादा 19 ग्रॅमच्या आसपास.

आपलं पारंपरिक माप म्हणजे डाळीइतका गूळ. अर्धा किलो डाळ, अर्धा किलो गूळ, आणि त्यात माझ्या वीस पोळ्या होतात. म्हणजे एका पोळीत 25 ग्रॅम गूळ. वर गुळवणी घेतली की हिशेबच संपला.

यंदा अर्धा किलो डाळीला 350 ग्रॅम गूळ घ्या. पुढच्या वर्षी 300. एकदम खाली उतरलात तर घरात बंड होईल. चिमूटभर मीठ आणि ताजी कुटलेली वेलची सढळ हाताने घाला. जायफळ मात्र बेतानेच. कुणाला फरक कळणार नाही, निदान माझ्याकडे तरी कळला नाही, आणि आमचे हे चवीला भलते चोखंदळ आहेत. एक सांभाळा : गूळ कमी असला की पुरण लवकर आटतं. नेहमीच्या वेळेवर जाऊ नका, डाव उभा राहिला की लगेच उतरवा. जास्त आटलं तर कोरडं पडतं, लाटताना कडेपर्यंत पोचत नाही आणि पोळी फुटते. पारीला मैदा घेत असाल तर त्याऐवजी वस्त्रगाळ कणीक घ्या, तेलाचा हात लावून मळा आणि दोन तास झाकून ठेवा.

मुलांना पोळी द्यायची ती जेवणातच, तूप किंवा दुधाबरोबर. गुळवणी मोठ्यांना. सोबत कटाची आमटी आणि भात भरपूर असू द्या. पोट आमटीभाताने भरलं की दुसऱ्या पोळीला हात आपोआप कमी जातो. दुपारी चारला, संध्याकाळी सहाला डब्यातून गार पोळीचा तुकडा मोडून खाणं, दाढा किडतात त्या यानेच. साखर दातांवर किती वेळा येते, ते जास्त महत्त्वाचं.

म्हणूनच गाठीची मला जास्त धास्ती. गळ्यात माळ आणि दिवसभर चोखणं! गाठी गुढीला बांधलेली राहू द्या. सूर्यास्ताला गुढी उतरवली, की जेवण झाल्यावर दोघांना एकेक पाकळी द्या आणि मग दात घासायला पाठवा. रंगीत गाठी आणूच नका. पाहुण्यांनी आणलेल्या गाठींचं काय? मिक्सरमधून पूड करून बरणीत भरा. मी तीच श्रीखंडाला वापरते.

श्रीखंड घरी करणार असाल तर दही ताजं, गोडसर लावा आणि उन्हाळा असल्यामुळे फ्रिजमध्येच टांगा. चक्का आंबट झाला की साखर दुप्पट ओतावी लागते, सगळी गोम तिथेच आहे. चक्क्याच्या निम्मी साखर, आणि दोन पिकलेले चिकू कुस्करून. रंग मातकट येतो, दिसायला काही खास नाही. मुलांना सांगा चॉकलेटचं आहे. (माझ्या नातवाला तीन वर्षं कळलं नाही.) बिनकॅलरीच्या गोळ्या आणि पुड्या मात्र मुलांच्या ताटात नकोत. त्यांची जीभ गोडाला सोकावलेलीच राहते.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू करता ना? मग आंबेडाळ आणि पन्हं लवकरच सुरू करा, कैऱ्या बाजारात आल्याच आहेत. आंबेडाळ मुलीसाठी बिनमिरचीची काढून ठेवा. पन्ह्याला कैरीच्या गराइतकाच गूळ पुरे, दुप्पट नको, आणि जेवणाबरोबरच द्या, येताजाता नको. पाडव्याची कडुलिंबाची चटणीही द्या. कोवळी पानं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जिरं, ओवा, हिंग, मीठ आणि गुळाचा एवढासा खडा. तोंड वाकडं करतील, करू द्या. सासूबाईंना म्हणावं, तो खडा तुम्हीच घाला.