ठेकेदाराने डेंगीच्या नऊ दिवसांची हजेरी कापली. आजारपणाच्या भरपगारी रजेचा कायदा आहे की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला ठेकेदाराकडून काम, रोजची हजेरी 600 रुपये, लागून दीड वर्ष झालं. सप्टेंबरात डेंगी झाला, नऊ दिवस घरी. पगाराला ठेकेदाराने नऊ खाडे धरले आणि वर "सिक लीव्ह बँकेतल्या लोकांना असते" असं ऐकवलं.

ठेकेदार निम्मं खरं बोलला. उरलेल्या निम्म्यात तुमचे पैसे आहेत.

मी एकवीस वर्षं एका फौंड्रीच्या टाइम ऑफिसात काढली. मस्टर माझ्या हातात असायचं. त्यात "आजारी" असं लिहायची सोयच नव्हती. हजर, गैरहजर, सुट्टी, एवढंच. घरी बारसं असो की अंगात एकशेतीन ताप, जो आला नाही तो गैरहजर. त्यामुळे तुमच्या ठेकेदाराने काय केलं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. मीही तेच करत होतो.

आधी निम्मं खरं काय ते. सगळ्या कामगारांना आजारपणाची भरपगारी रजा देणारा एकच कायदा आपल्याकडे नाही. कारखान्यात वीस दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा मिळते, तीच आपली पीएल. पूर्वी त्यासाठी वर्षात 240 दिवस भरावे लागायचे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, आता 180 पुरतात. दुकानं-आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा 2017 चा कायदा आहे, त्यात आठ दिवस किरकोळ रजा आहे आणि पीएल आहे, पण आजारपणाची म्हणून वेगळी रजा नाही. कागलची हद्द ओलांडून निपाणीत दुकानात कामाला लागलात तर कर्नाटकाच्या 1961 च्या कायद्याने आजार, अपघात किंवा तसल्याच कारणासाठी वर्षाला 12 दिवस भरपगारी मिळतात. सीमेवरच्या दूधगंगा नदीच्या अलीकडे ताप आला तर खाडा, पलीकडे आला तर रजा.

पण पीएललाही कमी समजू नका. ठेकेदाराचा कामगार हाही कायद्याने कारखान्याचाच कामगार, त्यामुळे दीड वर्षात तुमची पीएल साठलेली असणार. पीएल पंधरा दिवस आधी मागावी लागते हे सगळ्यांना पाठ असतं. आजारपणात ती अट नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. जुन्या कारखाने कायद्याच्या 79 व्या कलमात ते स्पष्ट लिहिलेलं होतं: आजारपणासाठी शिल्लक रजा मागितली तर अर्ज उशिरा आला म्हणून नाकारता येणार नाही. मी ते कलम वाचलं तेव्हा नोकरीला अकरा वर्षं झाली होती.

आता तुमचे पैसे कुठे आहेत ते. पगाराची चिठ्ठी बघा. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, म्हणून पाऊण टक्का कापलेला दिसेल. 26 हजेऱ्यांचे 15,600 झाले तर 117 रुपये. त्यावर मालकाकडून सव्वातीन टक्के, म्हणजे 507. महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्याला हे लागू आहे. लोकांना वाटतं हे पैसे दवाखान्याचे. दवाखाना त्यातलाच, पण 1948 चा हा कायदा आला तोच मुळी आजारपणात बुडणाऱ्या पगारासाठीही. प्रा. बी. पी. आडारकरांनी 1944 साली त्याचा आराखडा दिला होता. महाराष्ट्रात 1954 मध्ये आधी नागपूरला आणि मग मुंबईला योजना सुरू झाली. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, योजना तीच आहे.

आजारपणाचा हितलाभ, म्हणजे आजारपणात मिळणारे पैसे, असा चालतो: डॉक्टरने विश्रांती लिहून दिलेल्या दिवसांना सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. पैसे मालक देत नाही, ईएसआयचं महामंडळ थेट बँकेत टाकतं. अट एकच, आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. जुलै ते डिसेंबरमधल्या आजाराला त्याआधीच्या ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी मोजतात. तुम्ही दीड वर्ष सलग कामावर आहात, तेव्हा ही अट तुम्हाला अडणार नाही. नवीन लागलेल्याला मात्र पहिले नऊ महिने हे पैसे मिळत नाहीत, नुसते उपचार मिळतात. टीबी, कर्करोग अशा लांबलेल्या आजारांसाठी वेगळा वाढीव हितलाभ आहे, 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत.

गोम पहिल्या दोन दिवसांत आहे. ते धरत नाहीत. आजार बरा होऊन पंधरा दिवसांच्या आत पुन्हा झोपलात तरच दुसऱ्या वेळी ही कपात नसते. मला स्वतःला या योजनेतली ही सगळ्यात वाईट गोष्ट वाटते, कारण गरिबाचं आजारपण बहुतेक दोनच दिवसांचं असतं. तो तिसऱ्या दिवशी बरा झालेला नसतो, पण कामावर आलेला असतो. ताप अंगात घेऊन भट्टीपुढे उभी राहिलेली माणसं मी मोजता येणार नाहीत एवढी पाहिली आहेत, आणि त्यांच्या हजेरीवर खूणही मीच केली आहे.

म्हणून तुमचा हिशेब असा व्हायला हवा होता: पहिल्या दोन दिवसांना पीएल, म्हणजे 1,200. पुढच्या सात दिवसांना रोज 420 प्रमाणे 2,940. एकूण 4,140. नऊ हजेऱ्यांचे 5,400 बुडाले असं तुम्ही धरून बसलात, त्यातलं प्रत्यक्ष बुडायला हवं होतं ते 1,260.

आमच्या फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायच्या खात्यात, एक बदली कामगार होता. त्याला कावीळ झाली, सव्वीस दिवस आला नाही. गावठी औषध आणि गावातल्या खासगी डॉक्टरची चिठ्ठी, एवढंच त्याच्याकडे. मी ती चिठ्ठी फाइलला लावली आणि सव्वीस खाडे टाकले. त्याने भिशीतून पैसे उचलून घर चालवलं, वर्षभर ते फेडत होता. त्याच्या वर्गणीची चलनं माझ्याच कपाटात होती. त्याला पहिल्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात पाठवलं असतं तर चोवीस दिवसांचे पैसे त्याच्या खात्यात आले असते. मालकाचा एक रुपया गेला नसता. मी पाठवलं नाही ते कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, मला माहीतच नव्हतं आणि माहीत करून घ्यावं असं वाटलंही नाही.

तुमचीही अडचण तीच आहे, खासगी दवाखान्यात ॲडमिट झालात. ईएसआयला त्यांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. बाहेरचे कागद चालतच नाहीत असं नाही, पण ते मान्य करणं त्यांच्या हातात असतं. तेव्हा डिस्चार्जचा कागद, डेंगीचा रिपोर्ट, प्लेटलेट्सचे रोजचे आकडे, बिलं, सगळं घेऊन तुमच्या नावावर जो ईएसआय दवाखाना लागला असेल तिथल्या डॉक्टरकडे या आठवड्यातच जा. जितका उशीर तितकी ना म्हणायला जागा. हमी मी देत नाही, पण डेंगीचा रिपोर्ट हा ताप आला होता अशा तोंडी सांगण्यापेक्षा कितीतरी भक्कम कागद आहे. पुढच्या वेळी आधी ईएसआयचा दवाखाना, मग हवं तर बाहेर. रांग मोठी असते, डॉक्टर चिडलेले असतात, हे सगळं कबूल.

त्याआधी एक काम. उमंग ॲपवर किंवा ईएसआयच्या साइटवर तुमचा विमा क्रमांक टाकून महिन्या-महिन्याची वर्गणी बघा. ठेकेदारांच्या बाबतीत हे बघणं फार गरजेचं. पगारातून कापलं पण भरलंच नाही, असं दिसलं तर तो नुसता हलगर्जीपणा नाही. कामगाराची कापलेली वर्गणी न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा आहे. आणि ठेकेदाराने भरली नाही तर कंपनीला भरावी लागते, कारण मूळ मालक म्हणून पहिली जबाबदारी तिचीच. हे वाक्य ठेकेदाराला नको, कंपनीच्या एचआरला ऐकवा. ठेकेदार तुम्हाला दुसरीकडे पाठवेल. एचआरवाला चलनं मागवेल.

नोकरी जाईल ही भीतीही तुम्ही लिहिली आहे. हितलाभ चालू असताना आजारपणासाठी काढून टाकणं किंवा शिक्षा करणं कायद्याने चालत नाही. पण ठेका संपला असं सांगून पुढच्या महिन्यात गेट पास न देणारेही असतात, त्यामुळे अर्जाची पोच घेतल्याशिवाय काही करू नका. व्हॉट्सॲपवर "आजारी आहे, येऊ शकत नाही" असं त्या दिवशी कळवलं असेल तर तो मेसेज जपून ठेवा.

तुमच्याच वाडीत कुणी सहा माणसांच्या शेडमध्ये काम करत असेल, किंवा घरकाम करणारी बाई असेल, तर यातलं जवळजवळ काहीच त्यांना लागू नाही. ईएसआयला दहा माणसं लागतात. तिथे मालक भला असेल तर रजा, नाहीतर खाडा.

क्लेमचा अर्ज फॉर्म 9 वर करायचा असतो, ऑनलाइनही होतो. भरायच्या आधी एकदा नाव तपासा. आधारवर "बाळासो" आणि ईएसआयला "बाळासाहेब" असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. आमच्याकडचे निम्मे क्लेम तिथेच अडकायचे.