वाचक विचारतात: गाडीवेड्यानं घर कुठं करावं?

प्रश्न: नमस्कार दादा, मी मूळचा खानापूर तालुक्यातला, गेली १४ वर्षं पिंपरी-चिंचवडला आहे. कंपनीनं आता कायमचं घरून काम दिलंय. माझ्याकडं ३५० सीसीची बुलेट आहे, पण रविवारी पहाटे निघालो तरी इथं शहर संपेपर्यंतच तास जातो, अर्धा मूड तिथंच गेलेला असतोय. बायको म्हणते गावाकडं जाऊया. मुलगी आठवीला आहे. माझ्या डोक्यात चार जागा आहेत, बेळगाव, निपाणी, जांबोटीच्या बाजूला जागा घेऊन घर, नाहीतर थेट आंबोली. मला घाट पाहिजे, रोज पाहिजे. कुठं जाऊ सांगा. आणि गाडी एमएच १४ पासिंग आहे, तिचं काय करायचं?
(एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर: तुमचं ते 'रोज पाहिजे' वाचून मला माझं जांबोटीच्या पुढचं भाड्याचं घर आठवलं. मीपण हेच म्हणत तिकडं गेलो होतो, मार्च ते मे काय सांगू, सकाळी चहा घ्यायचा की गाडी काढायची, कणकुंबीपर्यंत जाऊन यायचं. मग जून लागला. त्या पट्ट्यात पाऊस पडत नाही, कोसळतो, दिवसाचे दिवस थांबत नाही. सीटवर बुरशी, चेन दोन दिवसात लालभडक, लाईट गेली की कधी येईल भरवसा नाही, मागचं चाक पंक्चर झालं तर गाडी टेम्पोत घालून बेळगावला. आणि घाटात धुकं असं की पुढच्या गाडीचा लाईट दिसेना. घाट दारात होता आणि गाडी चार महिने ताडपत्रीखाली. दसऱ्याला मी सामान आवरलं आणि परत बेळगावला आलो, आणि खरं सांगतो, त्यानंतर माझं रायडिंग वाढलं, कमी झालं नाही.

कारण बघा, बेळगावचं खरं बळ घाट जवळ आहे हे नाही. घाट आंबोलीला त्याहून जवळ आहे की. बेळगाव बरोबर मधल्या रेषेवर बसलंय, पश्चिमेला मलनाड, म्हणजे डोंगराळ पावसाचा पट्टा, आणि पूर्वेला कोरडा, काळ्या मातीचा मुलूख. ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे होतात आणि शहराच्या पूर्वेला ४०-५० किलोमीटर गेलं की हवाच बदलते. म्हणजे जुलैत कणकुंबीवरनं गोव्यात उतरणाऱ्या चोर्ल्याच्या घाटात गाडी घालायची सोय नसते तेव्हा तुम्ही गोकाकचा रस्ता धरायचा, घटप्रभेचा धबधबा ५२ मीटरवरून तेव्हाच भरून पडत असतो आणि रस्ता नुसता ओलसर. अजून वेळ असेल तर सौंदत्ती, नविलुतीर्थ, नाहीतर पहाटे निघून साधारण १५० किलोमीटरवर बदामी. आणि एप्रिल-मे मध्ये तिकडं हेल्मेटमध्ये डोकं शिजतं तेव्हा गाडी पश्चिमेला वळवायची, खानापूर, लोंढा, अनमोड नाहीतर दांडेली, सावलीच सावली. अशी जागा जिथून बाराही महिने एक तरी दिशा उघडी असते, ती गाडीवाल्याची जागा. आंबोलीत राहिलात तर वर्षाचे चार महिने तुम्ही पावसाचे कैदी, आणि पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची जी रांग लागते ती तुमच्याच दारातनं जाणार.

निपाणी वाईट नाही, कुणी तसं म्हणत असेल तर मी ऐकणार नाही. हायवे दारात, कोल्हापूर ४० किलोमीटर, राधानगरीवरनं फोंडा घाट उतरून कोकणात जाता येतं, आजऱ्यावरनं आंबोली. पण नोव्हेंबर ते मार्च तो सगळा ऊसपट्टा आहे, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि अंधार पडल्यावर समोरच्या गाडीच्या फोकसमध्ये ती ट्रॉली दिसतच नाही, दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्या ओळखीच्या दोघांना मी असं गमावलंय. निपाणीला राहायचं तर त्या महिन्यांत सूर्य मावळायच्या आत घरात, हे स्वतःला बजावूनच राहायचं.

आता बेळगावात कुठं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण चुकीच्या बाजूला घर घेतलं तर परत पिंपरीचीच गोष्ट, शहर ओलांडण्यातच जीव जायचा. तुम्हाला चोर्ला आणि खानापूर पाहिजे, म्हणजे टिळकवाडीचं तिसरं रेल्वे गेट ओलांडून उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे ही बाजू बघा. घरातनं निघालं की पिरनवाडीला उजवीकडं वळलं की किणये, पुढं कुसमळीचा पूल, जांबोटी तीसेक किलोमीटर. उजाडल्यावर निघा, जांबोटीला चहा घ्या, नऊच्या आत लॅपटॉपसमोर. उजाडल्यावर म्हणतोय ते ध्यानात ठेवा, अंधारात त्या रस्त्यावर गवा आडवा उभा असतो आणि त्याचे डोळे गाईसारखे चमकून दिसतील असं धरून चालू नका. आंबोली जास्त आवडत असेल तर हिंडलगा-सुळग्याची बाजू बघा, तिथनं उचगाव फाटा, बाची, शिनोळी करत पाटणे फाटा गाठायचा, शिनोळीपर्यंत कारखान्यांच्या ट्रका, त्यापुढं रस्ता मोकळा होतो आणि कानूरच्या पुढं तर गाडी आपोआप हळू होते, बघायलाच इतकं असतं. तिलारीचा घाट मात्र पहिल्या वर्षी नको. अरुंद आहे, चांगलाच उभा आहे, मागं बायको बसलेली असताना बुलेट उतरवायची तर पहिल्या-दुसऱ्या गिअरला इंजिनवरच उतरवावी लागते, नुसत्या ब्रेकवर उतरवली तर खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून ढिले पडतात.

उद्यमबागेच्या बाजूला राहायचा अजून एक फायदा, जो मला कुठल्याच दुसऱ्या गावात मिळाला नाही. बेळगाव हे फाउंड्रीचं आणि मशीन शॉपचं गाव आहे. फूटरेस्टचं ब्रॅकेट तुटलं, बुश झिजला, कंपनीचा पार्ट महिनाभर येत नाही म्हणाले, तर लेथवाल्याकडं जुना तुकडा न्यायचा, तो बघून नवीन करून देतो. जुनी गाडी सांभाळणाऱ्याला हे सोन्यासारखं आहे. आणि दुसरं, बोलायला नको वाटतं पण बोलतो, पडलात तर पहिल्या तासात मोठं हॉस्पिटल गाठता आलं पाहिजे. नेहरूनगरचं केएलई, सिव्हिल, दोन्ही शहरातच आहेत. जांबोटी-कणकुंबीकडं कितीतरी ठिकाणी फोनला रेंजच नसते, म्हणून निघताना घरात सांगून जायचं, कुठल्या रस्त्यानं आणि किती वाजेपर्यंत.

गाडीचं पासिंग. कायद्यात असं आहे की दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. आधी पिंपरीच्या आरटीओकडनं एनओसी काढा, फॉर्म २८, लोन असेल तर बँकेची वेगळी एनओसी. मग बेळगावच्या आरटीओत अर्ज, गाडी दाखवणं, लाईफटाईम टॅक्स. कर्नाटकचा टॅक्स भारी आहे, हे मनाची तयारी करूनच या, पण गाडीच्या वयाप्रमाणं कमी होतो, आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, त्यासाठी केए २२ चं नवीन आरसी हातात आल्यावर तिकडं अर्ज करायचा आणि पाठपुरावा सोडायचा नाही. मोठा आवाज करणारा सायलेन्सर लावलेला असेल तर आधीच काढून ठेवा. कर्नाटकात मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, वहिनींचं चांगलं आयएसआय मार्कवालं घ्या.

मुलीचं आताच बघा. टिळकवाडी-शहापूर भागात मराठी शाळा आहेत, पण कन्नडची तयारी दहावीच्या आधी होऊ दे, म्हणजे यायचं तर याच वर्षी. जागा मात्र घेऊ नका लगेच. जूनमध्ये भाड्यानं या. एक पूर्ण पावसाळा गाडी कुठं उभी राहते, पत्र्याखाली किती पाणी उडतं, हे बघून मगच घराचं ठरवा.

प्रश्न: मी अथणीला सरकारी बँकेत आहे, वय २९, दोन वर्षं झाली स्वतःची बाईक घेऊन. बदलीसाठी पर्याय मागितलेत, बेळगाव, खानापूर आणि धारवाड. मी एकटीच फिरते, घरचे काळजी करतात. कुठलं लिहू?
(एक वाचक, अथणी)

उत्तर: ताई, पहिलं बेळगाव लिहा, दुसरं धारवाड. खानापूर सुंदर आहे, भीमगडचं जंगल उशाला, पण अंधार पडल्यावर रस्त्यावर माणूस नाही आणि तुमची सुट्टी संपते ती रविवारी संध्याकाळीच, म्हणजे परतीचा रस्ता दर वेळी अंधारातच. बेळगावहून धारवाडपर्यंत हायवे आहे, मधे कित्तूर, पहिल्या काही एकट्या राईड तिकडंच करा, साधारण ५० किलोमीटरवर चन्नम्माचा किल्ला बघून दुपारी घरी. अथणीच्या बाजूचा अनुभव तुमच्या कामाला येणारच आहे, रस्त्यावर तुरीच्या, हरभऱ्याच्या राशी पसरलेल्या असतात त्यावर ब्रेक मारायचा नाही हे तुम्हाला मी काय सांगणार, शिवाय ती काडी गरम सायलेन्सरला अडकली तर पेट घेते, उतरून काढायचीच.

तुमच्या नोकरीत बदल्या होत राहणार, कदाचित राज्याबाहेर पण, तर पुढची गाडी घेताना बीएच, म्हणजे भारत सिरीजचा नंबर मागा. २०२१ पासून सुरू आहे, सरकारी बँकेतल्या लोकांना मिळते, टॅक्स एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच. आणि घरच्यांच्या काळजीचं म्हणाल तर एका रविवारी बाबांना मागं बसवून घेऊन जा, सावकाश चालवा. माझ्या बहिणीनं हेच केलं होतं.

प्रश्न: माझं वय २३, चिक्कोडी. डिप्लोमा झालाय, गॅरेजमध्ये काम करतो. सगळं सोडून मनालीला जाऊन राहायचं ठरवलंय, रायडिंगसाठी तेच खरं ठिकाण. बरोबर का?
(एक वाचक, चिक्कोडी)

उत्तर: जा, पण राहायला नको, सीझनला जा. मनालीहून लेहचा रस्ता साधारण मे-जूनला उघडतो आणि बर्फ पडायला लागला की बंद. २०२० ला अटल बोगदा झाला, ९ किलोमीटरचा, त्यामुळं डोंगरापलीकडचं लाहौल खोरं बारा महिने जोडलं गेलंय, पण बोगद्यातनं पलीकडं गेलं म्हणून बर्फावर बाईक चालत नाही रे. म्हणजे अर्धं वर्ष गाडी उभी. तिथं बाहेरच्या माणसाला सरकारी परवानगीशिवाय जमीनही घेता येत नाही, हिमाचलचा १९७२ चा कायदाच आहे तसा. तुझ्या हातात कला आहे, ती मोठी गोष्ट आहे. सीझनचे चार महिने तिथं भाड्याच्या बाईक दुरुस्त करायला मेकॅनिक लागतात, आधी फोनवर काम पक्कं कर, राहायची सोय विचार, मग मेच्या सुरुवातीला निघ. ऑक्टोबरमध्ये परत ये, तेव्हा इकडचा पाऊस नुकताच संपलेला असतो आणि चोर्ल्याचा घाट हिरवागार असतो.